खालाचे पैसे आणि एमपीआयडी कायदा

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला होता ‘गुंतवणुकीतली फसवणूक, राज्याचे कायदे आणि शिक्षा’. मी वकील आहे, त्यामुळे कलमं सांगणारच. पण आधी मी वकील कसा झालो ते सांगतो, कारण या विषयाशी माझा पहिला संबंध वकील म्हणून आलेला नाही. एजंट म्हणून आला.

२०१२ साली मी एकोणीस वर्षांचा होतो, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. सांगली जिल्ह्यातलं आमचं गाव. गावात एका कंपनीनं ऑफिस उघडलं. कंपनीचं नाव मी घेणार नाही. काचेचा दरवाजा, हिरवा बोर्ड, आत शिरल्यावर अत्तराचा वास. स्कीम सोपी होती. पैसे गुंतवा, कंपनी सोन्याचा आणि जमिनीचा व्यापार करणार, दर महिन्याला मुद्दलाच्या तीन टक्के ‘नफ्यातला वाटा’ देणार. व्याज नाही, सूद नाही, सगळं हलाल. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर भागीदारी करार.

मला मराठी, उर्दू, इंग्रजी तिन्ही लिहिता यायचं, म्हणून तिथल्या मॅनेजरनं मला फॉर्म भरायला बसवलं. जो माणूस आणशील त्याच्या रकमेवर दोन टक्के कमिशन. मी आमच्या मोहल्ल्यातली अकरा घरं आणली. त्यातलं एक घर माझ्या खालाचं.

खालू एसटीत कंडक्टर होते. नोकरीत असतानाच गेले. त्यांच्या फंडातून उरलेले एक लाख ऐंशी हजार रुपये खालानं पोस्टात ठेवले होते. त्यावर व्याज येतं म्हणून तिला आधीपासूनच बरं वाटत नव्हतं. मी तिला सांगितलं, खाला, हे हलाल आहे, महिन्याला पाच हजार चारशे येतील. तिनं फॉर्मवर सही केली. फॉर्म मी भरला होता, करारावर काय लिहिलंय ते तिनं वाचलं नाही. खरं सांगायचं तर मीही वाचलं नव्हतं. माझं कमिशन झालं तीन हजार सहाशे. त्यात मी जुना मोबाइल घेतला.

सात महिने पैसे आले. म्हणजे सदतीस हजार आठशे. आठव्या महिन्यात शटर खाली.

यानंतर जे झालं त्यावरच मला आज बोलायचं आहे. आम्ही जवळपास दोन वर्षं पोलिसांकडे गेलोच नाही.

का नाही गेलो? एक बुजुर्ग म्हणाले, सब्र करो, मालिक परत येणार आहे, तक्रार केली तर तो पैसे देणारच नाही. दुसरे म्हणाले, पेपरात नाव येईल, कौम की बदनामी होगी. काही जणांनी पैशाची गोष्ट घरातही सांगितली नव्हती, त्यांना ती बाहेर येण्याची भीती. आणि मला माझी भीती होती. फॉर्मवर अक्षर माझं होतं. म्हणून मीही गप्प बसलो, आणि सब्र करा असं इतरांना सांगत राहिलो.

त्या दोन वर्षांत कंपनीच्या नावावरची जमीन विकली गेली. ऑफिसची जागा विकली गेली. २०१४ मध्ये शेजारच्या तालुक्यातल्या लोकांनी गुन्हा दाखल केला, तेव्हा आमची अकरा घरं त्यांच्या मागून गेली. तोवर जप्त करण्यासारखं फार थोडं उरलं होतं.

गुन्हा ज्या कायद्याखाली दाखल झाला, त्याचं नाव तेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं. एमपीआयडी. पूर्ण नाव लांबलचक आहे: महाराष्ट्र ठेवीदारांच्या (वित्तीय संस्थांमधील) हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. शेअर, डिबेंचर, म्युच्युअल फंड हा सगळा भाग केंद्राच्या कायद्यांत येतो आणि त्यावर सेबीची नजर असते. बँका रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात. पण नव्वदच्या दशकात या दोघांच्या मधल्या जागेत भरपूर धंदे उभे राहिले. सागाची झाडं लावतो म्हणून पैसे घेणारे, जमिनीचे तुकडे देतो म्हणणारे, चोवीस आणि छत्तीस टक्के देऊ म्हणणाऱ्या फायनान्स कंपन्या. त्या बुडाल्या तेव्हा लोक गल्लीतल्या पोलीस चौकीत गेले, आणि पोलिसांकडे भारतीय दंड संहितेतलं ४२० कलम सोडून फारसं काही नव्हतं. त्या कलमानं माणूस तुरुंगात जातो, पण ठेवीदारांना पैसे परत कसे द्यायचे याची वाट त्यात नाही. म्हणून राज्यांनी आपापले कायदे केले. तमिळनाडूनं १९९७ मध्ये, महाराष्ट्रानं १९९९ मध्ये, कर्नाटकनं २००४ मध्ये.

राज्याला असा कायदा करता येतो का, हाच वाद पुढे अनेक वर्षं चालला. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं महाराष्ट्राचा कायदा घटनाबाह्य ठरवला होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूचा कायदा वैध ठरवताना मुंबईचा तो निष्कर्ष मान्य केला नाही, आणि त्यानंतर महाराष्ट्राचा कायदाही वैध ठरला. गरीब आणि मध्यमवर्गीय ठेवीदारांना वाचवण्यासाठी राज्य कायदा करू शकतं, हे आता पक्कं आहे.

आता या कायद्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. बाकी विसरलात तरी चालेल.

पहिली गोष्ट, ठेव म्हणजे काय. आपल्याला वाटतं, ठेव म्हणजे बँकेची एफडी. कायद्यातली व्याख्या फार मोठी आहे. ठरावीक मुदतीनंतर किंवा अन्यथा परत देण्याच्या बोलीवर घेतलेला पैसा किंवा मौल्यवान वस्तू ही ठेव. परतफेड रोखीत असो, वस्तूत असो किंवा सेवेत. तिच्यावर व्याज द्या, बोनस द्या, नफा म्हणा, आणखी काही म्हणा, किंवा काहीच देऊ नका. सोनं घेतलं तरी ठेव. आणि वित्तीय संस्था म्हणजे अशी ठेव घेणारी कोणतीही व्यक्ती. बँकिंग कंपन्या आणि सरकारी मालकीच्या किंवा नियंत्रणातल्या संस्था तेवढ्या वगळल्या आहेत.

ही व्याख्या किती लांब पोचते ते २०२२ मध्ये दिसलं. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज नावाचा वस्तूंचा बाजार २०१३ मध्ये कोसळला, सुमारे ५,६०० कोटी अडकले. आम्ही फक्त खरेदी-विक्रीची जागा पुरवत होतो, ठेवी घेतच नव्हतो, असा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयानं तो मानला नाही. पैसा आणि वस्तू घेतल्या, परतफेडीची हमी होती, म्हणून ही एमपीआयडीखालची वित्तीय संस्थाच, असं सांगितलं. एवढ्या मोठ्या एक्स्चेंजला जे लागू होतं, ते आमच्या गावातल्या काचेच्या दरवाजालाही लागू होतं.

व्याख्येत एक अपवाद आहे, आणि तो आपल्यासाठी महत्त्वाचा. भागीदारीतल्या भागीदारांनी घातलेलं भांडवल ठेव मानलं जात नाही. शेअर आणि सेबीच्या नियमांखालचे डिबेंचर-रोखेही या व्याख्येच्या बाहेर, कारण ते सेबीकडे जातात. आता आठवा, खालाच्या हातात कोणता कागद दिला होता? भागीदारी करार. तेव्हा मला वाटलं, व्याज टाळायला केलाय. आज कळतं की दीनदारीचं नाव पुढे करून त्या कागदानं कायद्यातली एक फट शोधली होती.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर बंगळुरूमध्ये दिसली. आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायजरी, म्हणजे आयएमए. २००६ मध्ये सुरू झालेली कंपनी. गुंतवणूकदार बहुतेक मुस्लीम, त्यात विधवा, निवृत्त लोक, आखाती देशांत राबून आलेले लोक. त्यांना एलएलपीचे भागीदार करून घेतलं जात होतं. जून २०१९ मध्ये संस्थापक देश सोडून गेले, मागे एक ऑडिओ क्लिप व्हायरल झाली, आणि शिवाजीनगर भागातल्या ऑफिसबाहेर हजारो लोक कागद घेऊन उभे राहिले. जुलैमध्ये ते परतले आणि दिल्ली विमानतळावर त्यांना अटक झाली. रक्कम सुमारे ४,००० कोटींच्या घरात सांगितली जाते. त्याआधी रिझर्व्ह बँकेनं राज्य सरकारला सावध केलं होतं, चौकशीही झाली होती, पण महसूल खात्याच्या अहवालानं कंपनीला निर्दोष ठरवलं. हे भागीदार आहेत, ठेवीदार नाहीत, असा तो सूर. तो अहवाल देणाऱ्या अधिकाऱ्याला पुढे लाच घेतल्याच्या आरोपाखाली अटक झाली. आधीच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, हैदराबादच्या हिरा गोल्डच्या प्रमुखांना अटक झाली होती. तिथेही ‘व्याजमुक्त’ हाच शब्द, आणि तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार वर्षाला ३६ टक्क्यांचं आमिष. ही प्रकरणं न्यायालयांत आहेत, निकाल न्यायालय देईल. मी एवढंच विचारतो: जो खरा भागीदार असतो, त्याला हिशेबाची वही बघायला मिळते. तोट्याच्या महिन्यात त्याचा वाटा कमी होतो. खालाला सात महिने दर महिन्याला बरोबर पाच हजार चारशे आले. सोन्याचा भाव वर गेला, खाली आला, तिचे पैसे तेवढेच. ही कसली भागीदारी?

मी आलिम नाही, त्यामुळे फतवा देत नाही. पण मुदारबाचा साधा अर्थ तुम्हा-आम्हाला माहीत आहे. एकाचं भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफा ठरलेल्या प्रमाणात वाटायचा आणि भांडवलाचा तोटा भांडवलवाल्यानं सोसायचा. मुद्दलावर दरमहा तीन टक्के नक्की, असं जो सांगतो तो या व्यवहारातलं काहीच करत नसतो. तो व्याजच देतोय, फक्त वेगळ्या नावानं. म्हणजे अशी स्कीम कायद्याच्या परीक्षेत नापास होण्याआधी स्वतःच्याच परीक्षेत नापास झालेली असते.

हे फक्त आपल्याच समाजात होतं असं समजू नका. प्रत्येकाला त्याच्या भाषेत फसवलं जातं. इस्लामपुरात २०१९ मध्ये कडकनाथ कोंबड्यांची स्कीम बुडाली तेव्हा शेतकऱ्याला शेतीच्या भाषेत फसवलं होतं: पिल्लं आम्ही देतो, अंडी आम्हीच विकत घेतो. पुण्याच्या समृद्ध जीवनमध्ये शेळ्या-म्हशी होत्या. सेबीनं ती सामूहिक गुंतवणूक योजना ठरवली, कारण पैसा अनेकांचा, कारभार एकाचा, नफ्याची आशा सगळ्यांना आणि नोंदणी नाही. जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेस ज्वेलरीच्या दुकानासमोर जी गर्दी उभी राहिली, तिच्यात सगळ्या जातिधर्मांचे लोक होते. तिथे चमकदार खडे होते आणि दर आठवड्याला पैसे. त्या प्रकरणातही एमपीआयडी लावला गेला. आपल्याकडे विकायला काय निघतं? हलाल हा शब्द. बँकेच्या व्याजाबद्दल ज्याच्या मनात खटका आहे, त्याला दुसरी वाट हवी असते, आणि ठग त्या वाटेवर दुकान टाकतो.

दुसरी गोष्ट, फसवणूक कशाला म्हणायचं. ठरलेल्या वेळी पैसे परत दिले नाहीत, तर प्रत्येक मालक एकच सांगतो: साहेब, माझी नियत साफ होती, धंदा बसला. कलम ३ च्या स्पष्टीकरणात याचं उत्तर आहे. ठेव घेताना दिलेलं वचनच अव्यवहार्य होतं, धंद्याच्या हिशेबात न बसणारं होतं, आणि त्यामुळे पैसे परत देता आले नाहीत, तर ती कसूर कपटानंच केली असं कायदा मानतो. लोकांचा पैसा वसूल होणं मुळातच धोक्याचं आहे अशा ठिकाणी लावला, तरीही तसंच. म्हणजे महिन्याला तीन टक्क्यांचं वचन हाच पुरावा होऊ शकतो. नियत साफ होती म्हणून सुटका नाही.

शिक्षा किती? सहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. प्रवर्तक, भागीदार, संचालक, व्यवस्थापक आणि कारभार सांभाळणारे कर्मचारीसुद्धा यात येतात. संस्थेलाही वेगळा एक लाखापर्यंत दंड.

आत्ता इथे कुणीतरी हसलं. बरोबर आहे. कोट्यवधी रुपये घेणाऱ्याला एक लाख दंड म्हणजे चहापाण्याचा खर्च. हे कमी पडतं, म्हणून २०१९ मध्ये केंद्रानं वेगळा कायदा केला, अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा. त्याला बड्स कायदा म्हणतात. एमपीआयडी मुख्यतः पैसे बुडाल्यावर किंवा बुडणार असं दिसल्यावर हलतो. बड्समध्ये अशी बिगरनोंदणीची योजना चालवणं हाच गुन्हा, पैसे बुडोत की न बुडोत. अशा योजनेची जाहिरात करून ठेवी मागितल्या तर एक ते पाच वर्षं. ठेवी घेतल्या तर दोन ते सात वर्षं. ठेवी घेऊन कपटानं बुडवल्या तर तीन ते दहा वर्षं, आणि दंड पाच लाखांपासून गोळा केलेल्या एकूण रकमेच्या दुपटीपर्यंत. सेबीच्या कायद्यात दहा वर्षांपर्यंत कैद किंवा पंचवीस कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय भारतीय न्याय संहितेतली फसवणुकीची आणि विश्वासघाताची कलमं असतातच.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. मी अशा प्रकरणांत ठेवीदारांच्या बाजूनं उभा राहतो. पहिल्या भेटीत प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, वकीलसाहेब, त्याला किती वर्षं होतील? मी म्हणतो, तो प्रश्न सरकारी वकिलावर सोडा. त्याच्या नावावर आज काय आहे, ते सांगा. घर कुठे, गाडी कुठली, बायकोच्या नावावर काय, भावाच्या नावावर काय. कारण त्याला सहा वर्षं झाली तरी त्यातून तुमच्या घरात एक रुपया येत नाही. पैसे येतात ते जप्तीतून.

एमपीआयडीची खरी ताकद कलम ४ मध्ये आहे. ठेवीदारांची तक्रार आली, किंवा ही संस्था जाणूनबुजून पैसे बुडवायच्या मार्गावर आहे असं सरकारला वाटलं, तर सरकार राजपत्रात आदेश काढून तिची मालमत्ता जप्त करतं. संस्थेची पुरेशी नसेल तर प्रवर्तक, संचालक, भागीदार, व्यवस्थापक यांची स्वतःचीही. लबाडीनं दुसऱ्याच्या नावावर केलेली मालमत्ता असेल तर तिच्यापर्यंतही न्यायालय पोचू शकतं. जप्त झालेलं सगळं सक्षम प्राधिकाऱ्याच्या ताब्यात जातं, तो महसूल खात्यातला अधिकारी असतो. मग विशेष न्यायालय सगळ्यांचं ऐकतं, जप्ती कायम करतं, विक्री होते आणि ठेवीदारांत प्रमाणशीर वाटप होतं. ज्याचे दहा हजार होते त्यालाही, ज्याचे दहा लाख होते त्यालाही, त्याच हिशेबानं.

आता आमची दोन वर्षं आठवा. जमीन विकली गेली, ऑफिसची जागा विकली गेली. ज्यानं चांगल्या मनानं, पूर्ण किंमत मोजून ती विकत घेतली, त्याच्याकडून काढून घेणं अवघड. म्हणजे आम्ही सब्र करत होतो तेव्हा तो विकत होता. सब्र ही मोठी गोष्ट आहे. पण चोर सामान बांधत असताना दाराशी बसून राहणं म्हणजे सब्र नाही. आणि बदनामी? कौमची बदनामी तक्रारीनं झाली नाही. अकरा घरांच्या मुलांच्या फिया थकल्या, एका घरातलं लग्न मोडलं, ते सगळ्या गावानं पाहिलंच होतं.

आता थोडं माझ्यासारख्यांबद्दल, म्हणजे एजंटांबद्दल. इथे बसलेल्यांपैकी काही जणांच्या फोनवर आत्ताही एखादा ग्रुप असेल. दोन मेंबर जोडा, इतके मिळवा. ट्रेडिंग, क्रिप्टो, सोनं, काहीही. तुम्हाला वाटतं, मी तर फक्त लिंक पुढे पाठवतोय. बड्स कायद्याच्या कलम ५ नं नेमकं हेच पकडलं आहे. खोटं किंवा दिशाभूल करणारं आहे हे माहीत असूनही, किंवा महत्त्वाची गोष्ट मुद्दाम लपवून, दुसऱ्याला अशा योजनेत ओढणारी कोणतीही व्यक्ती गुन्हेगार. एक ते पाच वर्षं कैद, दहा लाखांपर्यंत दंड. फक्त फॉर्म भरणारा पोरगा एमपीआयडीच्या ‘कारभार सांभाळणाऱ्या’ लोकांत बसतो का, यावर न्यायालयात वाद होतील. पण तपास अधिकारी पहिलं दार त्याचंच ठोठावतो, कारण लोकांनी मालकाचा चेहरा पाहिलेला नसतो, याचा पाहिलेला असतो.

माझं दार ठोठावलं गेलं. तीन दिवस जबाब चालला. मला मिळालेलं सगळं कमिशन मी चौकशीत लिहून दिलं आणि भरलं. मी एकोणीस वर्षांचा होतो, मला खरंच माहीत नव्हतं, हे त्या अधिकाऱ्यानं मानलं आणि मला साक्षीदार केलं. प्रत्येकाला असा अधिकारी मिळेल असं नाही. अब्बा त्या तीन दिवसांत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. शेवटच्या दिवशी चौकीबाहेर चहा पिताना एवढंच म्हणाले, ज्या लोकांची घरं दाखवलीस त्यांचे कागद आता तूच नीट कर. मी अकराही घरांचे कागद केले. तिथून वकिलीकडे वळलो.

तुम्ही काय करायचं, ते थोडक्यात.

पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: तुमची नोंदणी कुणाकडे आहे? कंपनी रजिस्ट्रारकडे नोंद आहे, जीएसटी नंबर आहे, पॅन आहे, ही उत्तरं चालणार नाहीत. ती किराणा दुकानाकडेही असतात. लोकांचे पैसे घ्यायची परवानगी कोणत्या नियामकाची, ते सांगा म्हणावं. सेबी असेल तर सेबीच्या वेबसाइटवर नाव शोधा. रिझर्व्ह बँकेचं ‘सचेत’ नावाचं पोर्टल आहे, तिथे कोणती संस्था ठेवी घेऊ शकते ते बघता येतं आणि तक्रारही करता येते.

नक्की परताव्याची हमी ऐकली की उठा. व्याज टाळायचं असेल तर नियमातले मार्ग आहेत. शरिया निकषांवर निवडलेल्या शेअर्सचे निर्देशांक आपल्या शेअर बाजारांत आहेत, त्या निकषांवर चालणारे सेबी-नोंदणीकृत फंडही आहेत. ते घ्या असं मी म्हणत नाही, त्यांत तोटाही होतो. पण ते तोटा होऊ शकतो असं आधीच छापून सांगतात. आमच्या मॅनेजरनं तोटा हा शब्द कधी उच्चारला नव्हता.

बायकांच्या भिशीबद्दल नेहमी विचारलं जातं. बारा ओळखीच्या बायका, महिन्याला हजार रुपये, दर महिन्याला एकीला बारा हजार, यात कुणी कुणाला जास्तीचं वचन देत नाही. ज्या दिवशी एक बाई अनोळखी लोकांकडून पैसे घेऊन वर काहीतरी देईन म्हणते, त्या दिवशी भिशी संपली आणि ठेव सुरू झाली.

पैसे अडकले तर पहिल्या चुकलेल्या हप्त्यालाच हला. पावती, करार, बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज, सगळं जपा. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. एकट्यानं जाऊ नका, दहा जण मिळून पोलीस ठाण्यात जा. रक्कम मोठी असेल तर प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेकडे जातं. लेखी अर्ज द्या, त्यात एमपीआयडी आणि बड्स ही दोन नावं लिहा, पोच घ्या. मालमत्तेची यादी अर्जासोबत जोडा. पुढे सक्षम प्राधिकाऱ्याची जाहीर सूचना निघाली की दावा अर्ज भरा. आमच्या प्रकरणात दोन घरांनी तो अर्ज भरलाच नाही. आता काय मिळणार, म्हणून. त्यांना काहीच मिळालं नाही.

खालाला मिळाले. २०२३ मध्ये, तक्रारीनंतर नऊ वर्षांनी. मुद्दलाच्या बारा टक्के, म्हणजे एकवीस हजार सहाशे. मी तिला घेऊन गेलो होतो.

त्याआधी, दावा अर्ज भरायच्या दिवशीची गोष्ट सांगून थांबतो. अर्ज मीच भरला होता. सवयीनं मी बोट ठेवून म्हणालो, खाला, इथे सही कर. तिनं पेन घेतलं नाही. चष्मा लावला, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाली, “बेटा, मागच्या वेळी वाचला नव्हतास. या वेळी वाचून दाखव.”

मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा अर्ज मोठ्यानं वाचला. तिनं दोन ठिकाणी थांबवून अर्थ विचारला. एक रक्कम मी चुकीची लिहिली होती, ती तिनंच पकडली. मग सही केली.

तुमच्या घरात अशी कुणीतरी असेल, जी तुमच्या भरवशावर सही करते. तिला आधी वाचून दाखवा.